अस्वस्थ प्राध्यापकाची कादंबरी : साहित्यघटक पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे?

शाईडाग

नमस्कार. आमच्या वाचनगटाने पुढच्या बैठकीसाठी विद्यापीठाच्या आवारात घडणाऱ्या आणि मनाने त्रस्त, एकाकी किंवा आपल्याच वागण्याने अडचणीत आलेल्या प्राध्यापकाभोवती फिरणाऱ्या कादंबऱ्या निवडल्या आहेत. माझ्या वाट्याला जॉन विल्यम्स यांची 'स्टोनर' (१९६५) आली असून तिच्यातील साहित्यघटकांविषयी मला टिपण वाचायचे आहे. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी कथानक, पात्रचित्रण, स्थळकाळ, निवेदन, प्रतीके आणि आशयसूत्र असे रकाने पाडले आणि ते भरलेही. परंतु कादंबरी वाचताना जे जाणवले होते त्यातले फारसे काही त्या रकान्यांत उतरलेले नाही.

कथानकाचेच पाहा. मिसूरीतल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा १९१० साली शेतीशास्त्र शिकायला विद्यापीठात येतो, साहित्याच्या सक्तीच्या तासाला शेक्सपिअरच्या ७३व्या सुनीतावर विचारलेल्या प्रश्नापुढे निरुत्तर होतो, त्यानंतर शेती सोडून साहित्याकडे वळतो आणि अखेरपर्यंत त्याच विद्यापीठात शिकवत राहतो. लग्न फसते, मुलगी दुरावते, विभागप्रमुखाशी वैर जडते, एका तरुण अभ्यासक स्त्रीशी जुळलेले प्रेम सोडून द्यावे लागते. हे सगळे मांडून झाल्यावरही कादंबरीला बांधून ठेवणारी गाठ कुठे आहे, ते मला सांगता येत नाही. शिवाय हा माणूस साहाय्यक प्राध्यापकाच्या वर कधी गेला नाही आणि त्याच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना तो नीट आठवतो, हे लेखकाने पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकले आहे. पुढे काय होणार ही उत्सुकताच काढून घेतल्यावर वाचक कशाच्या ओढीने पाने उलटतो?

दुसरी शंका स्थळाविषयी आहे. विद्यापीठ ही इथे केवळ पार्श्वभूमी आहे का? हाच माणूस बँकेत किंवा रेल्वेच्या कचेरीत असता तर गोष्ट बदलली असती का? तिसरी शंका मला सर्वांत जास्त छळते : स्टोनरविषयी वाटणारी सहानुभूती कादंबरीने कमावलेली आहे, की पुस्तकांवर जीव असलेले आम्ही वाचक ती आपण होऊन त्याला देऊन टाकतो? इतर कादंबऱ्यांची उदाहरणे दिलीत तर उपयोग होईल, कारण गटातील बाकीच्यांनी कुट्सी, नाबोकोव्ह आणि विला कॅथर यांची पुस्तके घेतली आहेत.

पानटीप

शाईडाग, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते पहिल्या दोन्हींची उत्तरे त्याच्या पोटात आहेत. या जातीच्या कादंबरीत नायकाचा व्यवसाय योगायोगाने आलेला नसतो. अर्थ लावणे हीच त्याची उपजीविका असते. कवितेतल्या एका ओळीवर तो तासभर बोलू शकतो आणि दुसऱ्याच्या प्रबंधातली फट त्याला लगेच दिसते. अशा माणसाला आपल्या बायकोचे, मुलीचे, विद्यार्थिनीचे किंवा खुद्द स्वतःचे वागणे वाचता येत नाही, हा विरोधाभास या कादंबऱ्यांच्या मुळाशी असतो आणि तो वाचकापर्यंत पोहोचवण्याचे काम मुख्यतः निवेदन करते. म्हणून निवेदक नायकापासून किती अंतरावर उभा आहे, ते अंतर कुठे घटते आणि कुठे वाढते, हे पाहिल्याशिवाय बाकीचे रकाने भरण्यात फारसे हशील नाही.

'स्टोनर'चा पहिला परिच्छेद पुन्हा वाचा. प्रवेशाचे साल, पदवी, नेमणूक, हुद्दा, १९५६मधील मृत्यू आणि सहकाऱ्यांनी त्याच्या स्मरणार्थ ग्रंथालयाला दिलेले एक मध्ययुगीन हस्तलिखित, असा तो मजकूर सेवापुस्तकातून उतरवून घेतल्यासारखा आहे. संस्थेच्या लेखी या माणसाची किंमत काय, याचा निकाल लेखक आधी वाचून दाखवतो आणि उरलेली कादंबरी हे त्या निकालावरचे अपील ठरते. त्या नोंदीत काय मावले नाही, हे आपण पुढे शोधत राहतो आणि तुम्ही विचारलेली ओढ तिथून येते. काळाची हाताळणीही याला धरूनच आहे. कित्येक वर्षे दोन-चार वाक्यांत निघून जातात आणि एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला मात्र पानांमागून पाने मिळतात. कोणत्या प्रसंगाला किती जागा दिली आहे याचा एक साधा आराखडा काढलात, तरी लेखकाने या आयुष्यात काय मोलाचे मानले ते तुमच्या लक्षात येईल.

आता सहानुभूतीविषयी. विल्यम्स यांचा निवेदक शांत, संयमी आणि तृतीयपुरुषी असल्यामुळे तो तटस्थ आहे असा समज सहज होतो. वस्तुतः तो बहुतेक वेळ स्टोनरच्या खांद्यालगत उभा असतो. स्टोनरची बायको एडिथ हिचे बालपण कसे कोंडलेले होते हे तो आपल्याला सांगतो, पण लग्नानंतरचे तिचे वागणे आपण जवळजवळ सर्वत्र स्टोनरच्या नजरेतूनच पाहतो, आणि त्यामुळे ती समजून घेण्याची व्यक्ती न राहता सोसण्याची आपत्ती होऊन बसते. पुढे विभागप्रमुख होणारा लोमॅक्स आणि त्याचा लाडका विद्यार्थी वॉकर या दोघा विरोधकांना शारीरिक व्यंग देण्याची युक्तीही मला अस्वस्थ करते. कादंबरीने सहानुभूती कमावली आहे हे मला मान्य आहे, पण तिचा काही भाग इतरांच्या खात्यातून काढलेला आहे, हेही तुमच्या टिपणात यायला हवे.

कुट्सी यांच्या 'डिसग्रेस'मध्ये (१९९९) निवेदक याहूनही जवळ आहे आणि तरीही परिणाम उलट होतो. डेव्हिड लूरी हा बावन्न वर्षांचा प्राध्यापक. निवेदन तृतीयपुरुषी आणि वर्तमानकाळी आहे, पण प्रत्येक वाक्य त्याच्या बुद्धीच्या, त्याच्या उपरोधाच्या रंगात बुडवलेले आहे. विद्यार्थिनीशी तो जे करतो त्याला त्याचेच मन सौम्य नाव शोधून देत असते आणि तो शोध आपल्या डोळ्यांदेखत चाललेला असल्यामुळे आपण त्याच्यावर विश्वास ठेवेनासे होतो. पुढे त्याच्या स्वतःच्या मुलीच्या शेतावर हल्ला होतो तेव्हा लूरीला संडासात कोंडले जाते. निवेदन त्याला सोडून बाहेर जात नाही, त्यामुळे दाराच्या पलीकडे काय घडले ते वाचकालाही दिसत नाही. जो माणूस विद्यार्थिनीच्या बाजूने काय घडले याचा विचार करायला तयार नव्हता, तोच आता मुलीने काय घडले ते सांगावे म्हणून तिच्या मागे लागतो. निवेदनाचा कोन आणि आशयसूत्र हे दोन वेगळे रकाने करता येत नाहीत, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

उतारा

पानटीप यांनी निवेदनाचा मुद्दा नेमका मांडला आहे, म्हणून मी स्थळाच्या प्रश्नापुरते लिहितो. बँकेत ही गोष्ट घडली नसती, असे माझे उत्तर आहे. वेली चढलेल्या जुन्या इमारती, ग्रंथालय आणि पानगळ यांची वर्णने म्हणजे स्थळ नव्हे. विद्यापीठाकडे माणसाला चिरडण्याची आणि वाचवण्याची स्वतःची हत्यारे असतात : वेळापत्रक, तोंडी परीक्षा, पदोन्नती, कायम नेमणूक, चौकशी समिती. संघर्ष या हत्यारांमधूनच घडतो आणि त्यांच्याबाहेर त्याला रूपच उरत नाही, तेव्हाच स्थळ हा घटक खऱ्या अर्थाने कामाला लागलेला असतो.

'स्टोनर'मध्ये विभागप्रमुख झालेला लोमॅक्स आरडाओरडा करत नाही. तो फक्त वेळापत्रक बदलतो. मध्ययुगीन साहित्याचा हा जाणकार नव्या विद्यार्थ्यांना निबंधलेखन शिकवू लागतो, आणि त्या तासिकाही गैरसोयीच्या वेळांना विखुरलेल्या असतात. स्टोनरचे प्रत्युत्तरही त्याच चौकटीत येते. तो निबंधलेखनाच्या वर्गात नवख्या मुलांना आपला मध्ययुगीन साहित्याचा वरच्या वर्गांचा अभ्यास शिकवायला लागतो, तक्रारी होतात, आणि अखेरीस लोमॅक्सला माघार घ्यावी लागते. संपूर्ण कादंबरीतील हा जवळजवळ एकमेव विजय आहे आणि तो एका तासिकेच्या कागदावर मिळतो. (माझ्या मते विल्यम्स यांची विनोदबुद्धीही इथेच उघड दिसते. लोक या कादंबरीला सरसकट उदास म्हणतात तेव्हा हे प्रकरण विसरतात.)

वॉकरच्या तोंडी परीक्षेकडेही असेच पाहा. तरुणपणी डेव्ह मास्टर्स हा मित्र स्टोनरला आणि फिंच या दुसऱ्या मित्राला सांगतो की बाहेरच्या जगात ज्यांचा निभाव लागला नसता अशांसाठीच विद्यापीठ नावाचा आश्रय अस्तित्वात आहे. मास्टर्स पहिल्या महायुद्धात मारला जातो आणि त्याचे ते बोलणे स्टोनरच्या मनात राहते. पुढे वॉकरला साहित्येतिहासातील प्राथमिक प्रश्नांचीही उत्तरे येत नाहीत, तेव्हा स्टोनर त्याला उत्तीर्ण करायला नकार देतो, कारण त्या आश्रयाची राखण करणे हे त्याला आपले काम वाटते. हा प्रसंग न्यायनिष्ठेचा आहे की दारावरच्या पहारेकऱ्याच्या कठोरपणाचा, हा वाद गटात मोकळा ठेवा. मला स्वतःला स्टोनर बरोबर वाटतो.

आश्रयाची हीच कल्पना उलटी करून पाहायची असेल तर मेरी मॅकार्थी यांची 'द ग्रोव्ह्ज ऑफ अकॅडेम' (१९५२) चाळावी. नोकरीची मुदत वाढवून न मिळालेला मल्केही हा अध्यापक आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतो असे खोटेच सांगतो, जेणेकरून त्याला काढणे हा राजकीय छळ ठरावा आणि उदारमतवादी म्हणून नावाजलेला अध्यक्ष पेचात यावा. इथे त्रस्त प्राध्यापक हा संस्थेचा बळी नसून तिच्या सद्गुणांचा वापर करणारा धूर्त माणूस आहे.

'डिसग्रेस'मधील चौकशी समितीचा प्रसंगही स्थळाच्या रकान्यातच घ्या. लूरी आरोप मान्य करतो, पण समितीला हवा असलेला पश्चात्ताप शब्दांत द्यायला नकार देतो. पुढे तो त्या विद्यार्थिनीच्या आईवडिलांच्या घरी जातो आणि तिच्या आईपुढे व बहिणीपुढे गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावतो. विद्यापीठाच्या भाषेत जे बोलता आले नाही ते त्या भाषेच्या बाहेर, देहाने केले जाते. ते पुरेसे आहे का, याचा निर्णय कादंबरी देत नाही.

शाईडाग

दोघांचेही आभार. वेळापत्रकाचा मुद्दा मी कथानकाच्या रकान्यात 'विभागातील राजकारण' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळला होता. आता प्रतीकांविषयी विचारतो. आमच्या गटात प्रत्येक खिडकी, दिवा आणि झाड प्रतीक ठरवण्याची चढाओढ लागते. अशा कादंबरीत वस्तू केव्हा प्रतीक मानावी आणि केव्हा सोडून द्यावी? त्याचप्रमाणे नाबोकोव्ह घेतलेल्या सदस्याचे म्हणणे आहे की त्याचे पुस्तक विनोदी असल्यामुळे आमच्या विषयात बसत नाही. ते बरोबर आहे का?

मोडीवाचक

'पनिन' (१९५७) विनोदी आहे म्हणून विषयात बसत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. विद्यापीठीय कादंबरीची एक ठळक परंपरा विनोदाचीच आहे. किंग्जली एमिस यांच्या 'लकी जिम'मधला (१९५४) तरुण व्याख्याता आपले महत्त्वाचे जाहीर भाषण दारूच्या नशेत करतो आणि तिथे संस्थेच्या ढोंगाचा जो फज्जा उडतो तो गंभीर लेखनाला सहसा साधत नाही. नाबोकोव्ह मात्र विनोदाचेच परीक्षण करतात, म्हणून त्यांचे पुस्तक तुमच्या बैठकीसाठी सर्वांत उपयुक्त ठरेल. तिमोफेई पनिन हा निर्वासित रशियन प्राध्यापक व्याख्यानाला निघाला आहे आणि चुकीच्या गाडीत बसला आहे, अशी सुरुवात होते. आपण हसतो. पुढे हळूहळू कळते की हे सांगणारा निवेदक पनिनच्या गतायुष्याशी गुंतलेला आहे, तो त्याच कॉलेजात नोकरीवर येणार आहे, आणि हा माणूस सगळे रचून सांगतो, असे पनिनने त्याच्या तोंडावर म्हटलेले आहे. शेवटी पनिन त्याच्या हाताखाली काम करायचे नाकारून गाव सोडतो आणि पनिनची नक्कल करण्यात पटाईत असलेला एक सहकारी त्याच्या फजितीची गोष्ट रंगवून सांगायला बसतो. आपण आतापर्यंत ज्याला हसलो त्यातले किती खरे घडले आणि किती कोणीतरी रंगवले, हा प्रश्न वाचकाच्या गळ्यात पडतो. पानटीप ज्याला अंतर म्हणतात त्याचा हा सर्वांत निर्दय प्रयोग आहे.

प्रतीकांची चढाओढ आवरायला याच कादंबरीतील काचेचे भांडे पुरेसे आहे. पनिनच्या घटस्फोटित पत्नीचा मुलगा व्हिक्टर त्याला एक सुंदर निळसर-हिरवे भांडे भेट देतो. मेजवानी संपते, त्याच रात्री आपली नोकरी जाणार हे पनिनला कळते, आणि पाहुणे गेल्यावर तो भांडी धुवायला उभा राहतो. अडकित्ता हातातून निसटून फेसाच्या पाण्यात पडतो, काच फुटल्याचा आवाज येतो, आणि पाहतो तर फुटलेला असतो एक साधा पेला. भांडे शाबूत आहे. ही वस्तू प्रतीक आहे, पण तिने आधी वस्तू म्हणून आपले काम केले आहे. ती कोणीतरी प्रेमाने दिली, मेजवानीत वापरली गेली, धोक्यात आली आणि वाचली. ज्या वस्तूला कथानकात असा प्रवास नाही, जी एकदाच दिसते आणि तिच्यामुळे कोणाचेच काही बदलत नाही, तिला माझ्या मते सोडून द्यावे.

विला कॅथर यांच्या 'द प्रोफेसर्स हाऊस'मध्ये (१९२५) ही कसोटी घराला लावून पाहता येते. इतिहासकार गॉडफ्रे सेंट पीटर नव्या घरी राहायला जाऊनही जुन्या घरातली अभ्यासिका सोडत नाही. शिवणकाम करणाऱ्या ऑगस्टाचे कपड्यांचे सांगाडे त्याच खोलीत उभे असतात आणि तेही तो तिला नेऊ देत नाही. त्या खोलीतली गॅसची शेगडी विझते, खिडकी वाऱ्याने बंद होते आणि तो मरता मरता वाचतो, तोही ऑगस्टामुळेच. इथे घर, खोली आणि शेगडी यांना प्रतीक म्हणण्यासाठी वाचकाला जोर लावावा लागत नाही. त्या कादंबरीची बांधणी मात्र प्रतीकांपेक्षा जास्त पाहण्यासारखी आहे. तीन भागांपैकी मधला भाग प्राध्यापकाचा नाहीच. मरण पावलेला त्याचा विद्यार्थी टॉम औटलंड तिथे प्रथमपुरुषी निवेदनात स्वतःची गोष्ट सांगतो, आणि मोकळ्या पठारावरची ती गोष्ट संपवून प्राध्यापकाच्या कोंदट खोलीत परत आल्यावर त्याला काय झाले आहे हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

समासलेखक

चर्चेत एका गोष्टीची भर घालतो. वर आलेल्या बहुतेक कादंबऱ्या एका विद्यापीठात मुळे धरून बसलेल्या माणसाच्या आहेत, त्यामुळे स्थैर्य आणि त्याची किंमत हे त्यांचे आशयसूत्र बनते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या १९७०च्या दशकातील कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील हा प्राध्यापक मात्र एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, एका गावातून दुसऱ्या गावात फिरत राहतो. तिथे कायम नेमणुकीचा आश्रय मिळतच नाही आणि शिक्षणसंस्था म्हणजे जातीच्या व हितसंबंधांच्या गणितांची जागा होऊन जाते. त्यामुळे बांधणीही वेगळी होते. एका मोठ्या संघर्षाकडे चढत जाण्याऐवजी प्रसंग साखळीसारखे एकमेकांत अडकत जातात. 'स्टोनर'च्या शेजारी ही पुस्तके ठेवली तर संस्थेशी माणसाचे नाते बदलले की कादंबरीचा आकार कसा बदलतो, हे लगेच दिसते.

सुनीताबाबत थोडे. ७३व्या सुनीतात तीन प्रतिमा क्रमाने येतात : पानगळीचा ऋतू, मावळलेला दिवस आणि राखेत विझत चाललेला विस्तव. प्रत्येक वेळी उरलेला काळ आखूड होत जातो, आणि शेवटच्या दोन ओळी सांगतात की जे लवकरच सोडायचे आहे त्यावरचे प्रेम त्यामुळेच बळावते. तरुण स्टोनरला त्या वर्गात याचा अर्थ सांगता येत नाही. त्यानंतर तो आईवडिलांची जमीन सोडतो, मास्टर्स जातो, मुलगी ग्रेस हातची निसटते, प्रेयसी कॅथरीन ड्रिस्कॉल गाव सोडून जाते आणि शेवटी कर्करोग गाठतो. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याला कादंबरीभर वेळ दिलेला आहे. सुनीत 'प्रतीके' या रकान्यात लिहिले असेल तर तिथून काढून बांधणीच्या रकान्यात न्या.

मात्र पानटीप यांच्या एका वाक्याला माझी हरकत आहे. एडिथ केवळ आपत्ती होऊन बसते हे पूर्वार्धाला बऱ्याच अंशी लागू पडते, पण स्टोनरच्या आजारपणात दोघांमध्ये जो थकलेला, विनातक्रार शेजार तयार होतो तो निवेदकाने काळजीपूर्वक लिहिला आहे.

पानटीप

समासलेखक, ती पाने माझ्या लक्षात आहेत आणि ती सुंदर आहेत. पण तिथेही क्षमा करणारा स्टोनर आहे आणि एडिथने त्याला क्षमा केली की नाही, हे विचारायला निवेदक तिच्याजवळ जात नाही. त्यामुळे मी माझे मत बदलत नाही.

शाईडाग, तुमच्या टिपणाला वेळ थोडा असेल तर व्याख्या आणि रकाने सगळे बाजूला ठेवा. वॉकरच्या तोंडी परीक्षेतील दोन पाने आणि लग्नानंतरच्या एडिथविषयीची दोन पाने गटापुढे मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक वाक्यात आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहत आहोत, एवढेच विचारा. कुट्सी घेतलेल्या सदस्याला तोच प्रश्न चौकशी समितीच्या प्रसंगाला लावायला सांगा.